घरातल्या घरात

काशीआत्या अकलोलीहून येणार म्हटलं की कोन गावात केसरीनाथ भोईरांच्या घरी बांगड्याऐवजी पापलेट शिजे. थोरली बहीण ती, तिचा मान मोठा. पण या रविवारी ती नुसती जेवायला येत नव्हती. नारळ घेऊन येत होती. तो नारळ एकदा केसरीनाथांच्या देवघरात ठेवला गेला की त्यांची धाकटी मुलगी दिशा आत्याच्या अनंताची झाली. भावाची मुलगी सून म्हणून मागायचा पहिला हक्क आत्याचा, आणि तिला नाही म्हणायची या घरात पद्धतच नव्हती. साखरपुडा, हळद, डीजे ही पुढची धामधूम. शब्द जायचा तो नारळाबरोबर.

दिशाची थोरली बहीण हेमाली हिला या हक्काचा मनापासून तिटकारा होता. तशी तिला या घरातल्या बऱ्याच गोष्टींचा तिटकारा होता. ती पुण्याला एका संस्थेत पीएचडी करत होती, आणि तिचं काम होतं देवमाशांचे जीनोम वाचायचं. आईबापांकडून पिलात काय काय उतरलं, याची सगळी नोंद जिवाच्या पेशीपेशीत असते. ती नोंद उलगडायची आणि हा कळप कुठून आला, कधी फुलला, कधी आटला ते शोधायचं. हे तिने घरी अनेकदा सांगितलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी. गावात मात्र केसरीनाथांची मोठी मुलगी मत्स्य खात्यात आहे, असं पक्कं ठरलं होतं, आणि ती आली की कुणीतरी हमखास विचारी, "सुरमई सस्तात भेटंल का गो?"

सस्तात! हेमाली कपाळाला हात लावी. त्या लोकांना समजावण्यापेक्षा देवमाशांना मराठी शिकवणं सोपं, असं तिचं मत होतं.

घर तीन मजली, दाराला ग्रॅनाइट, जिन्याला स्टीलचा कठडा. बापजाद्यांच्या भातशेतीवर आता गोदामं उभी होती आणि त्या गोदामांत दुनियेचा माल येऊन पडत होता. चीनची खेळणी, कोरियाचे फ्रिज, कुठल्या कुठल्या देशांतले बूट. सगळ्या जगाने भोईरांच्या शेतात यावं, याला कुणाची हरकत नव्हती. जावई मात्र आपल्याच ताटातला हवा. केसरीनाथांनी स्वतः मामाची मुलगी केली होती. त्यांच्या बापानेही तेच केलं होतं. जमीन फुटत नाही, पोरगी डोळ्यांसमोर राहते, आणि व्याही नव्याने शोधावा लागत नाही. ही सोय हे लोक छाती फुगवून परंपरा म्हणून सांगत, हे हेमालीला सगळ्यात जास्त झोंबायचं.

आणि दिशाला अनंता नको होता. तिला किशन हवा होता.

किशन अंबाडीचा. दिशा ज्या गोदामात कॉम्प्युटरवर बसायची तिथेच तो सुपरवायझर होता. शांत, निर्व्यसनी, हसला की खरंच हसणारा. दिशाने हिंमत करून घरी नाव काढलं, तेव्हा केसरीनाथांनी फक्त आडनाव विचारलं होतं. भोईर. मग देवक विचारलं. उंबर. मिटलं! एक आडनाव, एक देवक, म्हणजे तो दिशाचा भाऊ. कोनच्या भोईरांनी अंबाडीच्या भोईरांचं तोंड कुणाच्या हयातीत पाहिलं नव्हतं, एकमेकांच्या मयतीला कुणी गेलं नव्हतं. तरी किशन भाऊ. आणि सख्ख्या आत्याच्या पोटचा, नाकाडोळ्यांनी दिशासारखाच दिसणारा अनंता परका, कारण आत्या लग्न होऊन गेली आणि तिचं आडनाव बदललं.

"ताई, तू बोल," पापलेटाला मीठ-हळद चोळता चोळता दिशा म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. "माझं कोणी ऐकत नाही. तू शिकलेली आहेस. आज नारळ ठेवला तर मी गेले."

"ठेवतायत! मी आहे ना," हेमाली म्हणाली.

तिला खात्री होती. इतकी वर्षं ज्या विषयात डोकं घातलं, तो आयताच दारात चालून आला होता.

आत्या दुपारी आली. हिरवीगार साडी, गळ्यात बोटभर जाडीचं सोनं, हातात नारळाची पिशवी. मागून अनंता. अनंता वाईट नव्हता; वाईट व्हायलाही काहीतरी करावं लागतं. बापाचं अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडाजवळ लॉज होतं, तिथल्या गल्ल्यावर तो बसायचा आणि उरलेला वेळ मोबाइलवर. आल्या आल्या त्याने चार्जर मागितला. तेवढंच काय ते त्याचं दुपारभरातलं बोलणं.

आत्याने नारळ टीपॉयवर ठेवला. जेवणं व्हायची होती, मग देवघर. हेमालीने तोच मोका साधला. लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि सगळ्यांना बसवलं. केसरीनाथांना वाटलं, पोरगी कौतुकाने काहीतरी दाखवतेय. ते मांडी ठोकून बसले.

टीव्हीवर काळेपांढरे देवमासे पोहू लागले.

"हे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला राहतात," हेमालीने सुरुवात केली. "सत्तरएक उरलेत. शेजारच्याच पाण्यात यांच्याच जातीचे दुसरे कळप आहेत. रोज जवळून जातात. पण हे त्यांच्यात सोयरीक करत नाहीत. यांचं खाणं वेगळं, बोली वेगळी. आपल्यातच जमवायचं. त्यातही मधल्या काळात अर्ध्याहून जास्त पिलांचे बाप कोण होते, तर दोनच नर."

"दोनच?" केसरीनाथ हसले. "मर्द हायेत."

हेमालीने दात खाऊन पुढचं चित्र लावलं. लांब रंगीत पट्ट्या होत्या. "प्रत्येक जिवाला सगळ्या गोष्टींच्या दोन प्रती मिळतात. एक आईकडून, एक बापाकडून. एकीत चूक असली तर दुसरी भागवून नेते. आता या माशाच्या दोन्ही प्रती शेजारी ठेवल्यात. बघा, इथून इथपर्यंत हुबेहूब सारख्या. म्हणजे आईबाप एकाच घरातले. सारखा तुकडा लांब असेल तर नातं अगदी जवळचं. लहान लहान तुकडे असतील तर जुनं, कारण दर पिढीला त्यांची मोडतोड होत जाते. नुसत्या कातडीच्या कपचीवरून कळतं की हजारो वर्षांपूर्वी यांचा गोतावळा केवढा होता. आणि ज्या माशात असे सारखे तुकडे जास्त, तो लवकर मरतो. चाळिशी गाठत नाही. कारण चूक दोन्हीकडून एकच आली, तर भागवून न्यायला कोणी नसतं."

ती थांबली. मग तिने मेक्सिकोजवळच्या एका आखातातल्या दुसऱ्या देवमाशांचं सांगितलं. तेही थोडेच, हजारो वर्षं कोंडल्यासारखे. तरी बरे टिकून आहेत, कारण अधूनमधून, पिढीला एखादा का होईना, बाहेरचा पाहुणा येतो आणि त्यांच्यात मिसळतो. "एक," हेमाली म्हणाली. "पिढीला एक बाहेरचा पुरतो. आपल्या घराला तीन पिढ्यांत एकही जमला नाही."

बोलणं चांगलं झालं होतं. पुण्यात टाळ्या पडल्या असत्या. इथे आत्याने पदराने वारा घेतला.

"झाला का तुझा शिनेमा?" ती म्हणाली. "हेमे, तू शिकलीस तं शिक. पन तुझे मासे आनि आमची मानसं येका पंगतीत बसवू नको. माशाला कुल हाय का? देवक हाय का?"

"आत्या, रक्ताला देवक कळत नाही."

"रगताचं बोलतेस? आमी काय डोले झाकून आलो?" आत्याने मान उंचावली. तिच्याकडे हुकमाचा पत्ता होता. "अनंताचं रगत कल्यान नाक्याला तपासलंय. बी पॉजिटिव. आनि दिशाचं कालेजात तपासलेलं, तेबी बी पॉजिटिव. जुललं का न्हाय? सांग, आता तुझं शास्त्र काय बोलतं?"

हेमालीला हसावं की रडावं ते कळेना. समोर साडी, सोनं आणि घोर अज्ञान पाय पसरून बसलं होतं, आणि वर तेच तिला शास्त्र शिकवत होतं. तिच्या तोंडून जे गेलं ते रागाच्या भरात गेलं.

"आणि सागर? त्याचं काय जुळलं होतं?"

सागर हा हेमाली आणि दिशाचा थोरला भाऊ, जन्मतः बहिरा, त्यामुळे मुका. तो भिवंडीत एका पॉवरलूमवर कामाला होता. तिथे बाकीच्यांचे कान खडखडाटाने जातात आणि सगळेच हातवाऱ्यांनी बोलतात. सागर तिथे कुणापेक्षा कमी नव्हता. लूम शुक्रवारी बंद असत, म्हणून रविवारी तो ड्युटीवर होता. बरंच होतं. या घरात त्याचा विषय निघाला की सगळे एकाच माणसाकडे बघायचे.

आत्तासुद्धा सगळ्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे सुवर्णा, हेमालीची आई, सरबताचा ट्रे घेऊन उभी होती.

"सागरचं आमच्यावं नको घालू," आत्या म्हणाली. आवाजात राग नव्हता, रोजचा तुच्छपणा होता. "ते तुझ्या आयशीच्या माहेरचं. तिचा चुलता मुका व्हता, बाबू. सगल्या गावाला ठावं हाय. भोईरांत कोन मुका हाय? दाखव एक. त्या घरची खोट ही घेऊन आली. आमी तरी कदी बोललो?"

कधी बोललो! हेमालीने लहानपणापासून हेच ऐकलं होतं. आजी, म्हणजे केसरीनाथांची आई, होती तोवर कुठल्याही बारशाला सुवर्णाला पाळण्याची दोरी धरू दिली नव्हती. "तू मागं राहा गो," म्हणायची. आणि सुवर्णा मागे राहायची. तिच्या हातचं जेवण चालायचं, तिने आजीचं दुखणं काढलेलं चालायचं. हात पाळण्याला लागलेला चालत नव्हता.

"एकट्या आईकडून आलेलं नाही ते," हेमाली म्हणाली. आता तिचा आवाज टीव्हीसमोरचा राहिला नव्हता. "असं बहिरेपण बहुतेक वेळा दोन्हीकडून येतं. त्या पट्ट्यांसारखंच. आईकडूनही चूक, बाबांकडूनही तीच चूक. एकट्या आईकडची असती, तर बाबांकडच्या प्रतीने भागवून नेलं असतं. सागरला ऐकू आलं असतं."

"हेमाली!" केसरीनाथ उठले. "बापाला खोट लावतेस?"

"दोनी बाजूनी?" सुवर्णाने विचारलं.

तिने विचारलं याचंच सगळ्यांना आश्चर्य वाटलं. या बैठकांत ती सरबत आणायची आणि रिकामे ग्लास न्यायची.

"दोन्ही बाजूंनी, आई. एका बाजूने नुसतं पुढे जातं, दिसत नाही."

सुवर्णाने ट्रे खाली ठेवला. नारळाशेजारीच ठेवला. पदर खोचला. आणि मग ती आत्यासमोर येऊन उभी राहिली. उभं राहायला जागा हवी म्हणून तिने पायाने पाट बाजूला सारला.

"वन्सं, तुमची आय कंच्या घरची व्हती?"

"म्हंजे?"

"तुमची आय. माझी सासू. कंच्या घरची लेक?"

आत्याला प्रश्न कळला, पण त्यात काय आहे ते कळलं नाही. "तुझ्याच घरची," ती म्हणाली. "तुझ्या बापाची भैन. तुला काय ठावं न्हाय? तुझी सख्खी आते."

"मंग बाबू तिचा कोन?"

आत्याने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

"भाव," सुवर्णाने स्वतःच सांगितलं. "पाठचा भाव. माझा चुलता, तं तुमचा मामा. माझं माहेर म्हंजे तुमचं आजोल. त्या मुक्या मामाच्या खांद्यावं बसून तुमी जत्रा केलीत वज्रेश्वरीची. त्यानं आंबे आनले ते खाल्लेत. आनि खोट तेवडी माझ्या माहेरची?"

हेमाली बघतच राहिली. देवमाशांच्या पिढ्यांची झाडं मांडणाऱ्या तिने आपल्या घराचं झाड कधी काढलं नव्हतं. नातं तिला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण या लोकांच्या हिशोबात बाई लग्न करून आली की तिचं देवक बदलतं, कूळ बदलतं, मागचं सगळं गळून पडतं. त्या नियमाने आजी भोईर झाली आणि तिच्यामागे काही उरलं नाही. सुवर्णाही त्याच घरातून आली, त्याच नियमाने भोईर झाली. पण तिच्या पोटी बहिरं मूल आलं आणि तिच्यापुरता नियम गुंडाळून ठेवला गेला. सासूचं रक्त हळदीत धुऊन निघालं, सुनेचं निघालं नाही. इतका निर्लज्ज हिशोब इतकी माणसं इतकी वर्षं मान हलवून मान्य करत होती.

"आई गेलेली हाय," केसरीनाथ पुटपुटले. "तिला कशाला मदी आनतेस?"

"मी न्हाय आनली. ती तुमच्या रगतात हाय, तुमच्या भैनीच्या रगतात हाय. आनि तुमाला त्याच रगतात माझी दिशा द्यायची हाय." सुवर्णाचा आवाज चढला नव्हता. "माझी दिशा अकलोलीला जानार न्हाय."

"घरातला निर्नय बायका घेतात काय आता?"

"जल्मभर तुमी घेतलात. त्यातला येक आता लूमवं हाय."

केसरीनाथ बसले. एवढा मोठा, गोदामांचा मालक, गावाच्या कमिटीत बसणारा माणूस; त्याला बसायला सोफा सापडेना, तो हाताने चाचपून बसला. त्या क्षणी हेमालीला बापाची दया आली असती, पण तिने ती येऊ दिली नाही.

आत्या मात्र हार मानणाऱ्यांतली नव्हती. तिने नारळाकडे हात केला. "शब्द झालाय. मी देवाजवल ठेवते, मंग बघू कोन उचलतो."

सुवर्णाने तिच्याआधी नारळ उचलला. तो आत्याच्या पिशवीत घातला आणि पिशवीचे बंद तिच्या हातात दिले.

"घेऊन जा," ती म्हणाली. "ठेवून गेलात तं वाटून कालवनात घालीन."

आत्या न जेवताच गेली. जाताना दारात उभं राहून पुन्हा या घरात पाणी पिणार नाही असं म्हणाली, तेही शेजारच्यांना ऐकू जाईल अशा बेताने. अनंता चार्जर परत द्यायला विसरला.

दिशा आईला बिलगून रडली. किशनचं काय, असं तिने विचारलं, तेव्हा बाहेरच्या खोलीतून केसरीनाथ ओरडले, "भोईर तो भोईर! भाव लागतो!" पण त्या ओरडण्यात आता जोर नव्हता, सवय होती. सुवर्णा नुसती म्हणाली, "त्याला घरी येऊं दे. मी बगते भाव कसा दिसतो ते." एवढ्यावरच दिशा उठली आणि फोन घेऊन गच्चीवर गेली.

स्वयंपाकघरात दोघीच राहिल्या. पापलेटं खूप होती, खाणारे कमी. सुवर्णा सागरचा वाटा वेगळा काढून झाकून ठेवत होती. हेमालीचं मन भरून आलं होतं. आपण बोललो म्हणून हे झालं, असं तिला वाटत होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. आत्याचं उघडं राहिलेलं तोंड आठवून तिला हसू येत होतं. पुण्याला गेल्यावर हे कसं सांगायचं, त्याची जुळवाजुळवही तिने मनात सुरू केली होती.

"आई, तू काय बोललीस गं! आत्याचं तोंड बघितलंस?"

सुवर्णा हसली नाही. ताटावर ताट झाकून तिने हात धुतले, पुसले.

"हेमा, ते दोनी बाजूचं. दोनीकडनं येतं ते. हे तुला आजच कललं?"

"नाही गं. ते साधं आहे. अगदी पहिल्या पायरीचं."

"मंग कदी कललं?"

"कॉलेजात. बीएस्सीला असताना."

ती हे सहज म्हणाली, आणि म्हटल्यावर तिला ते ऐकू आलं. तिने परगावी जाऊन सभांमधून देवमाशांचं दुःख सांगितलं होतं. घरी सुट्टीला आली की याच ओट्याशी बसून आईच्या हातचं खाल्लं होतं. आईला पाळण्यापासून मागे सारलेलं पाहून आजीला मनातल्या मनात अडाणी म्हटलं होतं, गावाला अडाणी म्हटलं होतं. आईला सांगावं असं तिच्या मनात कधी आलं नव्हतं. आईला काय कळणार, असं ती धरून चालली होती. तुच्छतेत ती काशीआत्याची सख्खी भाची होती.

"आई, मला वाटलं..."

"तवा सांगायचं व्हतंस," सुवर्णा म्हणाली. तिने कुणावर आवाज चढवला नाही, ओट्यावरचं पाणी फडक्याने टिपत राहिली. "तवा तुझी आजी जिती व्हती."